सीतेची आसवे आणि सरकारी खराबा



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याजवळ याच शाळेत मी मराठी शिकलो. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने या व्यासपीठावरून संतांविषयी किंवा एखाद्या कवीविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका रानफुलाविषयी आणि ते ज्या भुईवर उगवते त्या भुईविषयी बोलणार आहे. विषय बदलला म्हणून मी माझे क्षेत्र सोडले असे कृपया समजू नये. या फुलाचा इतिहास हा बऱ्याच अंशी दोन शब्दांचा इतिहास आहे, आणि शब्दांविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी मानतो.

आपल्या गावाला वनस्पतींची नावे परकी नाहीत. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. किल्ल्यातील कमलबस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ साली बांधली आणि छतातील दगडी कमळावरून तिला ते नाव पडले. साहित्यात तर कमळाचे राज्य निर्विवाद आहे. संस्कृत कवींनी सूर्याबरोबर उमलणारे कमळ आणि चंद्राबरोबर उमलणारे कुमुद असा भेद केला, आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक तो वर्गावर्गातून शिकवीत आलो. माझ्या आजच्या फुलाच्या वाट्याला देऊळही आले नाही आणि महाकाव्यही आले नाही. त्याला एक नाव तेवढे मिळाले, आणि तेही पंडितांकडून नव्हे.

ते नाव मी प्रथम ऐकले १९६२ सालच्या भाद्रपदात. गुरुजींनी आमच्या सातवीच्या वर्गाला सर्व्हिस मोटारीने जांबोटीच्या बाजूला नेले होते. मोटार सोडून आम्ही चालत एका उघड्या सड्यावर आलो. पाऊस नुकताच थांबला होता. पायाखाली काळपट तांबडा कातळ, त्यावर बोटभर पाणी, आणि त्या पाण्यातून वर आलेली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी निळी-जांभळी फुले. दहावीस नव्हेत, नजर पोचेल तिथवर. आम्ही पोरे धावत सुटणार, तोच म्हशी राखणारी एक गवळ्याची म्हातारी ओरडली, "बघून पाय टाका रं पोरांनो, सीतेची आसवं हायत ती." गुरुजींनी आम्हाला जागीच थांबवले. म्हातारीला त्यांनी नमस्कार केला, नाव पुन्हा विचारून घेतले आणि आम्हाला वह्या काढायला लावून ते लिहायला सांगितले. त्या दिवशीचा धडा एवढाच होता.

पुढे भाषाशास्त्र शिकताना त्या नावाची घडण कळली. संस्कृतातील अश्रू, प्राकृतातील अंसु, मराठीतील आसू आणि आसवे. रावण घेऊन जात असता सीतेचे जे अश्रू भुईवर पडले, त्यांची ही फुले झाली अशी समजूत सांगतात. सह्याद्रीत एका आमरीला सीतेची वेणी म्हणतात. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गायिला. रामायणातील राज्याभिषेकापेक्षा त्यांना सीतेचे दुःख जवळचे वाटले, आणि रानात जे नाजूक, थोडे दिवस टिकणारे दिसले, त्याला त्यांनी तिचे नाव दिले. फुलाचा ऋतू, त्याचा ओलावा आणि त्याचे क्षणभंगुरत्व ही तिन्ही त्या दोन शब्दांत आली आहेत.

आता ते जिथे राहते त्या जागेकडे वळू. सडा हा शब्द आपण अंगणात शिंपडण्याच्या पाण्यासाठीही वापरतो. दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु पावसाळ्यातला सडा पाहिला की दुसरा अर्थ आठवल्यावाचून राहत नाही. या पठारांचा दगड म्हणजे जांभा. तळकोकणात आणि गोव्यात ज्याच्या चिऱ्यांची घरे असतात, तोच. फ्रान्सिस बुकॅनन याने दक्षिणेच्या प्रवासात मलबारात हा दगड पाहिला, हवा लागण्यापूर्वी तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि वाऱ्यावर कठीण होतो हे नोंदवले, आणि १८०७ साली छापलेल्या ग्रंथात लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट असे नाव दिले.

जांभा पाऊस घडवतो. आंबोलीला वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगावला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. एवढे पाणी लाखो वर्षे एकाच खडकातून झिरपत राहिले की खडकातील विरघळणारे सगळे वाहून जाते. चुना जातो, पोटॅश जाते, वाळूचा अंशही जातो. उरते ते लोखंड आणि अॅल्युमिनियम. लोखंडाने दगड तांबडा होतो, आणि जिथे अॅल्युमिनियमचा अंश फार वाढतो तिथे बॉक्साइट तयार होते. वर माती उरते ती दोन बोटे, चार बोटे, कुठे खळग्यात वीतभर. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ही माती पाण्याने डबडबलेली. डिसेंबरात ती करपून जाते. झाडाला मुळे रोवायला जागा नाही, उंच गवताला सत्त्व नाही. म्हणूनच जे लहान, चार महिन्यांत आयुष्य आटोपणारे आणि अल्पसंतुष्ट असते, त्याला ही भुई मोकळी मिळते. गेंद, तेरडा, दवबिंदू आणि सीतेची आसवे ही या भुईची प्रजा.

अल्पसंतुष्ट म्हटले, पण भूक कुणाला चुकली आहे? मातीत नत्र जवळजवळ नाही, तेव्हा या फुलाने ते दुसरीकडे शोधले. त्याला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत त्याचे दोऱ्यासारखे तंतू पसरतात आणि त्यांवर मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. शास्त्रज्ञांनी या वंशाला युट्रिक्युलारिया म्हटले, ते छोटी कातडी पिशवी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. पिशवी आतले पाणी बाहेर काढून टाकते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात. दाराशी केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसांना लागला की दार आत उघडते, पाण्याबरोबर तो जीव ओढला जातो आणि दार मिटते. डार्विनने आपल्या १८७५ च्या कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथात या पिशव्यांचा कसून अभ्यास केला. पण प्राणी स्वतःच डोक्याने दार ढकलून आत शिरतात, असे त्याला वाटले. पिशवी स्वतः ओढून घेते हे विसाव्या शतकात उलगडले, आणि २०११ साली वेगवान कॅमेऱ्याने दाखवले की ही सगळी क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात होते. आमच्या म्हातारीला जे अश्रू दिसले, त्यांच्या खाली एवढा उद्योग चालू होता.

या फुलाची लेखी नोंद केव्हा झाली? मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी तयार केली. ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. छपाई पुरी होण्यापूर्वीच ग्रॅहम वारले आणि उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी पुरे केले. आपल्या सड्यांवरील एका आसवीला जांभळट या अर्थाचे शास्त्रीय नाव मिळाले ते त्या यादीत. त्यानंतर निकोल डाल्झेल यांनी १८५१ साली पांढऱ्या-निळ्या फुलांच्या आणखी एका जातीचे वर्णन केले. बेळगावला राहिलेले लष्करी वैद्य डेव्हिड रिची यांनी या भागातून वनस्पती गोळा केल्या. गेंदाच्या एका जातीला पुढे त्यांचे नाव मिळाले. डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ चा, आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळातला.

आता याच काळातील दुसरी वही उघडू. इंदापूर तालुक्यात १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन-मोजणीची नवी पद्धत सुरू केली. १८४७ साली तिचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले आणि तीच पद्धत इलाखाभर, आपल्या जिल्ह्यातही, लागू झाली. कुळाला अवाच्या सवा सारा पडू नये हा तिच्यामागचा हेतू होता, आणि त्यापूर्वीच्या मनमानीपेक्षा ती नक्कीच न्याय्य होती. जमिनीची प्रत ठरवताना मातीची खोली हातांनी मोजत. पावणेदोन हात खोल ती उत्तम, पाव हात ती कनिष्ठ. नांगराला माती लागणार नाही अशी जी भुई उरे, ती साऱ्यातून वजा होई आणि तिच्यापुढे एक शब्द लिहिला जाई: खराबा.

शब्द मूळ अरबी, फारसीतून आलेला. अर्थ उजाड, मोडकळीस आलेले. मोजणीदाराच्या दृष्टीने त्यात निंदा नव्हती. यावर सारा नाही, एवढेच त्याला म्हणायचे होते. परंतु शब्द कागदावर गेला की त्याचा मूळ हेतू विसरला जातो आणि अक्षरार्थ तेवढा शिल्लक राहतो. ज्यावर सारा नाही ते निरुपयोगी, आणि जे निरुपयोगी ते कुणालाही, कशालाही द्यायला हरकत नाही, अशी त्याची पुढची वाटचाल झाली.

मला या इतिहासातील विलक्षण गोष्ट वाटते ती ही. ग्रॅहम, डाल्झेल, गिब्सन आणि गोल्डस्मिड, विंगेट ही एकाच पिढीची, एकाच कंपनी सरकारची माणसे. एकाच दोन-तीन दशकांत, एकाच इलाख्यात ती हिंडली. एका वहीत सड्यावरील फूल जगाला नवे म्हणून नोंदले गेले, दुसऱ्या वहीत त्याच प्रकारची भुई खराबा म्हणून. या दोन वह्या एकमेकींना कधी दाखवल्या गेल्या नाहीत. गिब्सन १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक होते आणि जंगलतोडीने पाण्यावर होणाऱ्या परिणामांची त्यांना चिंता होती. पण जंगल म्हणजे झाडे. सड्यावर झाडे नव्हती. शेत नाही म्हणून महसूल खात्याने तो सोडला, झाड नाही म्हणून वनाच्या कल्पनेत तो बसला नाही. तिसरी वही होती गुराख्यांची. ती तोंडी होती, आणि तिच्यात त्या भुईला नाव होते.

राज्ये बदलली, शब्द टिकला. आपले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, बेळगाव मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापूरला जोडला गेला. एकाच पर्वतरांगेवरील सडे दोन राज्यांत वाटले गेले. भाषेवरून, गावांवरून आपण जो लढा दिला, जी दुःखे सोसली, ती या सभागृहाला मी सांगायला नको. पण एका शब्दाबाबत दोन्ही राज्यांचे एकमत आहे. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर पोटखराबा, कर्नाटकाच्या उताऱ्यावर खराब. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यातही उघड्या खडकाळ भुईची गणना पडीकातच झाली.

याचे परिणाम काय झाले? सत्तरीच्या सुमारास बेळगावात अॅल्युमिनियमचा कारखाना आला. चंदगड आणि राधानगरी भागांतील सड्यांखालचे बॉक्साइट इकडे येत राहिले. मी त्या उद्योगाला दोष देण्यासाठी उभा नाही. या सभागृहातील किती तरी घरे त्या पगारावर उभी राहिली, आणि त्या धातूची भांडी माझ्याही स्वयंपाकघरात आहेत. मला लक्षात आणून द्यायचे आहे ते एवढेच, की ज्या पावसाने मातीतील सत्त्व धुऊन नेऊन या फुलाला शिकारी बनवले, त्याच पावसाने त्याच भुईत बॉक्साइट साठवले. एकाच कारणाची ही दोन फळे. खाण संपल्यावर माती पसरून तिथे झाडे लावली, तरी तो पुन्हा सडा होत नाही. दोन बोटे माती आणि तिच्याखालचा अखंड कातळ हेच त्याचे सर्वस्व असते.

दुसऱ्यांविषयी एवढे बोललो, आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे. १९८३ साली मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहत होतो. उजाड माळ हिरवे करू, अशी त्या दिवसांतील आम्हा सर्वांची भावना. शिबिरासाठी जागा शोधताना मला जांबोटीकडचा तोच सडा आठवला. मे महिना होता. कातळ तापलेला, एक हिरवी काडी दिसत नव्हती. विद्यार्थ्यांसह मी तिथे पहारीने दोनशे खड्डे पाडले, खालून माती आणि शेणखत आणून भरले आणि पावसाच्या तोंडावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. समारोपाच्या भाषणात मी म्हणालो, की या खराब्याचे आपण सोने केले. मोजणीदाराचा शब्द माझ्या तोंडात होता, आणि मी मराठीचा प्राध्यापक होतो.

१९९६ च्या सप्टेंबरात पुन्हा तिकडे गेलो. बाभळी जगल्या होत्या. खाली त्यांच्या पाल्याचा जाड थर, वर सावली, खताच्या मातीवर माजलेले उंच गवत. सीतेची आसवे तिथे नव्हती. आमचे खड्डे जिथे पोचले नव्हते, त्या टोकाच्या कातळावर थोडी होती. ज्या जागी गुरुजींनी चाळीस मुलांना पाऊल टाकण्यापासून थांबवले होते, तिथे मी तितकीच मुले पहारी घेऊन नेली होती. कुणी मला अडवले नव्हते, उलट सत्कार झाला होता. गुरुजी तेव्हा हयात नव्हते, हे त्या दिवशी मला बरे वाटले. तसे वाटल्याची लाज आजही वाटते.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो. पीटर टेलर यांनी १९८९ साली या वंशाच्या जगभरातील २१४ जातींचा ग्रंथ सिद्ध केला. भारतीय जातींवरील जनार्थनम आणि हेन्री यांचा ग्रंथ १९९२ चा. २००० साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील आणखी एक नवी आसवी उजेडात आणली आणि तिला जनार्थनम यांचे नाव दिले. त्याआधी १९९४ साली यादव आणि जनार्थनम यांना कोकणात बोटाच्या पेराएवढी एक पाणवनस्पती सापडली होती. तिचे कूळच भारतात तोवर माहीत नव्हते. ट्रिथुरिया कोंकणेन्सिस हे तिचे नाव. २००७ साली जगातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की दिसायला गवतासारखे असलेले हे कूळ कुमुदांच्या प्राचीन घराण्यातले आहे. आणि आमचे कमळ? त्याचे कुमुदाशी जवळचे नातेच नाही, असे नव्या वर्गीकरणाने ठरवले. आम्ही कवितेत ज्यांना भावंडे समजून शिकवले ती परकी निघाली, आणि कुमुदाची खरी नातेवाईक कोकणच्या पाणथळ मातीत कुणाच्या ध्यानीमनी नसता उभी होती.

पाणथळ म्हटले की आपल्यापुढे तळे येते. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या करताना कायमची किंवा तात्पुरती, असे दोन्ही शब्द घातले गेले. भारत त्या करारात १९८२ साली सामील झाला. चार महिने पाणी धरणारा सडा हा त्या अर्थाने पाणथळच होय. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ साली पश्चिम घाटातील इतर ३८ स्थळांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे आता सप्टेंबरात गर्दीवर मर्यादा घालावी लागते. कास वाचले याचा आनंद आहे. पण एक सडा तिकीट लावून पाहण्याजोगा ठरला, म्हणून बाकीचे खराबा ठरत नाहीत. चंदगड, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यातील सडे आपल्या दाराशी आहेत. त्यांवर मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना मिळते, आणि मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते.

मग आपण काय करावे? कायदे करणे आपल्या हाती नाही. शाळेच्या हाती आहे तेवढेच मी सांगतो. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या उताऱ्यावर सड्याचा तुकडा असेल, त्यांनी तो विकण्यापूर्वी किंवा त्यावर झाडे लावण्यापूर्वी एकदा भाद्रपदात जाऊन पाहावा. मे महिन्यात पाहून ठरवू नये. मी मे महिन्यात ठरवले होते. वृक्षारोपणाला जरूर जावे, पण जिथे झाड पूर्वी होते तिथे. आणि शाळेने दरवर्षी एका वर्गाला सप्टेंबरात सड्यावर न्यावे. फुले तोडायला नव्हे, मोजायलाही नव्हे. तिथल्या एखाद्या गुराख्याला नावे विचारावीत आणि ती वहीत लिहून घ्यावीत. ती तिसरी, तोंडी वही आता फार थोड्या जणांपाशी उरली आहे. माझ्या पाहण्यातले गवळीवाडे रिकामे होत आहेत. नावे सांगणारी म्हातारी माणसे गेली की आपल्यापाशी सरकारी शब्द तेवढा राहील.

माझी १९६२ सालची वही अजून आहे. त्या पानावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात नाव आहे, आणि खाली गुरुजींची तांबड्या शाईतील सही. ते पान मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. या सप्टेंबरात जो वर्ग जाईल, त्याने ते बरोबर न्यावे, एवढी विनंती करतो.